खिशात मावेल एवढी

स्टुडिओचं शटर पूर्ण वर नव्हतं. मी घाईत आत शिरले आणि नेहमीप्रमाणे कपाळ आपटलं.

"लागलं का हो?" म्हणत आतून एकजण धावत आला. शटरखालून तो न वाकता सरळ बाहेर आला. त्याच्या डोक्यावर अजून चार बोटं जागा शिल्लक होती. मला राग आला तो त्या चार बोटांचा.

मी भाग्यश्री. भूमच्या बसस्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये काम करते. वरच्या फळीवरची औषधं काढायला आमच्या दुकानात स्टूल नाही, मी आहे. उंची पाच फूट दहा इंच. "वर हवा कशी आहे?" हे गावातल्या प्रत्येकानं मला एकदा तरी विचारून झालंय. मी हसते. आईला, म्हणजे मालनबाईला, मात्र हसू येत नाही, कारण मला अठ्ठाविसावं संपत आलंय आणि माझ्या उंचीपायी स्थळं परत जातात. आता तामलवाडीचं एक आलं होतं. मुलगा माझ्याहून कमी उंचीचा, आणि त्यांना बायोडाट्याबरोबर उभा फोटो हवा होता. "उंची जरा झाकून काढ म्हणावं," असं आईनं बजावलं होतं. आमचा नेहमीचा फोटोवाला लग्नाच्या ऑर्डरला गेला होता, म्हणून मी इथं.

"उभा फोटो पाहिजे," मी कपाळ चोळत म्हणाले. "पण त्यात मी… जरा कमी दिसले पाहिजे."

"कमी म्हणजे? बारीक?"

"बुटकी."

तो हसला नाही. मान मागं टाकून त्यानं मला नीट बघून घेतलं. "होईल की. कॅमेरा वरून धरला की माणूस लहान दिसतं. फक्त मला स्टुलावर चढावं लागंल."

तो चढला. स्टूल डुगडुगायला लागलं, म्हणून मी पुढं होऊन धरलं.

"तुम्ही स्टूल धरलं तर फोटोत कोण उभं राहणार?" वरून त्यानं विचारलं. त्याचं तोंड पहिल्यांदाच माझ्या तोंडासमोर आलं होतं. डोळे पिंगट होते. मी स्टूल सोडलं… आणि ओढणी उगाच सारखी केली.

त्याचं नाव प्रसेनजित. फोटो दाखवायला त्यानं कॉम्प्युटर उघडला, आणि माझ्या फोटोच्या आधी भलताच एक समोर आला. तांब्याच्या काठावर एक इवलासा माणूस पाय सोडून बसलेला. मागं बाईचा भला मोठा हात, त्यात हिरव्या बांगड्या. तो माणूस म्हणजे प्रसेनजितच होता.

त्यानं झटकन फोटो बंद केला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "ते असंच… टाइमपास."

"परत दाखवा."

"राहू द्या ना."

"दाखवा म्हणते ना."

मी त्या फोटोकडं बघत राहिले. आता तुम्हाला सांगते, पण हसायचं नाही. डोळे मिटले की मी लहान होते. पेरभर. कुणाच्या तरी शर्टाच्या खिशात बसते, बटणाला धरून बाहेरचं जग बघते, आणि मला कुणी वरचा डबा काढायला सांगत नाही. एकदाच एका मैत्रिणीला हे सांगितलं होतं. ती पोट धरून हसली. तेव्हापासून तोंड शिवून बसले होते.

"मलाही असलं आवडतं," मी हळूच म्हणाले.

त्याचा चेहरा असा काही उजळला! आणि चूक झाली ती तिथंच. मी पुढचं बोलले नाही आणि त्यानं पुढचं विचारलं नाही.

मग त्याचा घसा रोज दुखायला लागला. गोळ्या घ्यायला तो दुकानात यायचा, काउंटरवर कोपर टेकायचा आणि इकडंतिकडं बघून दबक्या आवाजात विचारायचा, "ओळखा, मी आज कुठंय?"

"कुठं?"

"तुमच्या खिशात. जरा हळू वाका, मी पडंन."

"मग गच्च धरून बसा की."

"धरलंय. पण तुम्ही चालायला लागलात की पोटात गोळा येतो. एका ढांगेत एसटी स्टँड, दुसऱ्या ढांगेत बाजार…"

मी हसायचे. खोटं कशाला बोलू, मी त्याची वाट बघायला लागले होते. गिऱ्हाईकाला गोळ्या समजावून सांगतानाही माझं एक लक्ष दाराकडं असायचं. पण तो गेल्यावर काहीतरी खुपायचं. त्याच्या सगळ्या गोष्टींत तो इवलासा असायचा, आणि मी… होते त्याहून मोठी.

एके दिवशी त्यानं मला स्टुडिओत बोलावलं. फार मन लावून त्यानं एक चित्र केलं होतं. सगळं भूम खाली पसरलेलं, डोंगर माझ्या गुडघ्याएवढे, माझे केस ढगांत आणि तळहातावर तो. चित्र देखणं होतं. मला रडू आलं.

"आवडलं नाही?"

"छान आहे. गावाला मी अशीच दिसते."

"पण तुम्हाला पण हे आवडतं म्हणाला होतात…"

"मला लहान व्हायला आवडतं," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले. "इतकी लहान, की कुणाच्या तरी खिशात मावंल."

तो अगदी खरोखर काळजीत पडल्यासारखा म्हणाला, "आपण दोघंबी लहानच झालो… तर मोठं कोण होणार?"

"मीच की. नेहमीसारखी."

मी उठले. निघताना शटरखाली आठवणीनं वाकले. तो मागून आला नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर घशाच्या गोळ्या घ्यायला कुणी आलं नाही. आई मात्र रोज मागं लागायची. "तामलवाडीवाले फोटो मागायलेत गं. किती दिवस थांबतेत? उद्या देऊन टाकू." मी हो म्हणाले. म्हटलं, जाऊ दे. मापात बसणारं माणूस आपल्या नशिबी नसेल.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. गोळ्या मागितल्या नाहीत. "तुमचा फोटो तयार आहे," तो म्हणाला. "पण मला अजून एक काढायचाय. गावाबाहेरच्या माळावर. येता?"

"कशाला?"

"मी तुम्हाला विचारलंच नव्हतं, तुम्हाला काय व्हायचंय ते. उंची बघितली आन् ठरवून टाकलं. गावासारखंच." त्यानं मान खाली घातली. "लई वाईट वाटलं मला त्याचं."

मी गेले. माळावर वाळलेलं पिवळं गवत होतं आणि वारा इतका, की हाक मारलेली पाच पावलांवर विरून जायची. त्यानं कॅमेरा तिवईवर लावला, त्याची स्क्रीन स्वतःकडं वळवली आणि बाजूला उभं राहून फक्त एक तळहात कॅमेऱ्यापुढं धरला. मला फोन लावून कानात इअरफोन घातले. मलाही घालायला लावले.

"आता मागं चालत जा," फोनवर त्याचा आवाज आला. "अजून… अजून… थोडं डावीकडं…"

"अजून मागं गेले तर बार्शीला पोचंन."

"बार्शीची एसटी धरू नका फक्त. अजून जरा… हां. थांबा." त्याचा आवाज एकदम हळू झाला. "आलात."

"कुठं?"

"माझ्या हातावर. पेराएवढ्या आहात."

वाऱ्यानं ओढणी उडत होती, ती मी घट्ट धरली.

"जड होतंय का?" मी विचारलं.

"अजिबात न्हाय."

हे मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. मी गवतात मटकन खाली बसले, गुडघे पोटाशी घेतले. डोळे भरून आले होते, पण एवढ्याशा बाईचे डोळे इतक्या लांबून कुणाला दिसणार? मी खुशाल रडून घेतलं.

"बसलात होय? दिसायलंय मला," तो म्हणाला. "बसा निवांत. मी हात हलवत न्हाय."

त्यानं खरंच हात हलवला नाही. किती तरी वेळ. अवघडला असेल, पण बोलला नाही. मी डोळे पुसून त्याच्याकडं बघितलं आणि एकदम माझ्या लक्षात आलं… लांब तिकडं, पिवळ्या गवतात, तो केवढा दिसत होता! मी माझा तळहात पुढं केला, एक डोळा मिटला आणि हात जरा खाली घेतला. तो बरोबर त्यावर उभा राहिला.

"प्रसेनजित, हलू नका."

"का? काय झालं?"

"तुम्ही पण माझ्या हातावर आहात."

तो हसला… की त्याचाही आवाज कापत होता, कोण जाणे. "म्हणजे दोघंबी लहान?"

"आणि दोघंबी मोठी. एकदमच."

"भाग्यश्री…" अहोजाहो करणाऱ्या त्याच्या तोंडी नुसतं नाव पहिल्यांदाच आलं. "समदं ठीक हाय. पण इतक्या लांबून बोलायला फोन लागतोय. जवळ येता का?"

"जवळ आले की मी मोठी होईन."

"व्हा की. मला तुम्ही तशाबी आवडता. लई आवडता. लहान व्हावं वाटंल तवा सांगा, मी हात धरून उभा राहीन."

मी चालत निघाले. एकेका पावलाला तो मोठा होत गेला आणि मी त्याच्यासाठी उंच होत गेले. जवळ पोचले तेव्हा त्याला मान वर करावीच लागली. मी तेवढी करू दिली. मग मी वाकले आणि त्याच्या शर्टाच्या खिशाला कान लावला. खिसा रिकामा होता. आत धडधड चालली होती, डोळे मिटल्यावर मला ऐकू यायची अगदी तशीच.

संध्याकाळी आईनं फोटो मागितला. स्टुलावरून काढलेला पिशवीतच ठेवला आणि माळावरचा तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला, दाराच्या उजेडात जाऊन बघितला.

"आता कसं," आई खूश झाली. "उंची काय दिसंना बघ ह्याच्यात." मग तिनं फोटो जरा लांब धरला, जवळ घेतला, परत लांब धरला.

"पर काय गं भाग्या… हा हात कुणाचा?"

"तेच सांगायचंय," मी म्हणाले आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले.