खोट्या टेक्सासमधला फोस्को

फोस्को नेद्दाच्या आयुष्यात आला तो वरून. खरोखरच वरून.

रोमबाहेरच्या जुन्या दगडखाणीत त्या वर्षी एका चित्रपटासाठी टेक्सास उभं केलं होतं. पुढून दारूचा गुत्ता आणि चर्च, मागून नुसत्या फळ्या आणि टेकू. नोव्हेंबरच्या पावसानं वाळवंटाचा चिखल झाला होता, आणि सकाळपासून माणसं त्यावर पिवळी वाळू पसरत होती. नेद्दा कपडेपटात शिवणकाम करायची. ओल्या शर्टांची हातगाडी ढकलत ती गुत्त्याच्या सज्ज्याखालून चालली होती, तोच वरचा कठडा मोडला आणि एक माणूस धाडकन तिच्या गाडीत येऊन पडला.

"अहो, गादी तिकडे होती!" ती किंचाळली.

"हो... पण इकडे तुम्ही होता," शर्टांच्या ढिगातून डोकं वर काढत तो म्हणाला.

"जीव गेला असता माझा!"

"तुमचा? पडलो मी, सिन्योरिना."

सगळे खो खो हसले. दिग्दर्शक बोन्फिल्यी तर इतका खूश झाला, की हेच चित्रपटात ठेवू म्हणाला. चित्रपट विनोदी होता. दोन भाऊ बापाची शवपेटी घेऊन वाळवंट ओलांडतात आणि वाटेत ती दहादा हरवतात, एवढीच गोष्ट. धाकट्या भावाच्या नटाऐवजी मार खायला आणि पडायला फोस्को होता. मारेम्माच्या दलदलीतला, घोड्यावरून गुरं राखणाऱ्या घराण्यातला. त्या सगळ्या खोट्या गुराख्यांत खरा तेवढा तोच.

रोज संध्याकाळी तो फाटका कोट घेऊन तिच्याकडे यायचा.

"पुन्हा?"

"शिवण कच्ची होती."

"शिवण माझी आहे. कच्चे तुम्ही आहात."

मग तो तिच्या डाव्या हाताला बसायचा. नेहमी डाव्याच. डब्यातलं संत्रं सोलून निम्मं तिच्यापुढे ठेवायचा आणि गावाकडच्या घोड्यांबद्दल बोलायचा. सुई चालवता चालवता नेद्दा ऐकायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. एकदा दोरा तोडायला ती वाकली, तेव्हा त्यानं तिच्या कपाळावरची बट बोटानं मागे सारली.

एके दिवशी ती दुसऱ्या बाजूनं आली. हाक मारली. त्यानं मानसुद्धा वळवली नाही. मग तो उठला, आणि उठताच भिंतीला दोन्ही हात टेकून डोळे मिटून उभा राहिला. ओठ पांढरे पडले होते.

"फोस्को... तुला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

तो दचकला. "उन्हाळ्यात एक ठोसा चुकून खरा लागला. तेव्हापासून जरा गरगरतं. काही नाही गं, जाईल."

"त्या दिवशी गादी चुकली ती म्हणूनच?"

"आता एकच उडी राहिलीय. शनिवारी, घंटाघरावरून गवताच्या गाडीत. कोणाला सांगू नकोस. या धंद्यात एकदा नाव गेलं, की संपलं."

नेद्दाच्या हातातला कोट खाली पडला. ती चौदा वर्षांची असताना गवंडीकाम करणारे तिचे बाबा असेच भिंतीला धरून उभे राहिले होते. 'आईला सांगू नकोस हं,' म्हणाले होते. तिनं नव्हतं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते चौथ्या मजल्याच्या परांचीवरून खाली आले होते.

तिनं हे सगळं त्याला सांगितलं. आवाज न चढवता.

"मी तुझे बाबा नाही, नेद्दा."

"म्हणूनच तर अजून वेळ आहे. तू सांग, नाहीतर मी सांगेन."

"सांगितलंस, तर माझं तोंड पुन्हा दिसणार नाही तुला."

"नाही दिसलं तरी चालेल," ती म्हणाली. "पण तू असायला हवास. कुठेतरी."

शुक्रवारी तिनं बोन्फिल्यीला सांगितलं. त्यानं एकदा घंटाघराकडे पाहिलं आणि उडी रद्द केली. शनिवारी फोस्कोच्या कोटात पेंढा भरून बुजगावणं वरून टाकलं. पेंढा नेद्दानंच भरला. बुजगावणं गाडीच्या कडेवर आपटून चिखलात पडलं, आणि सगळे पोट धरून हसले. नेद्दा तोंडावर हात दाबून कपडेपटात पळाली. फोस्को तोवर निघून गेला होता.

चित्रपट एप्रिलमध्ये लागला आणि चार दिवसांत उतरला. चौथ्या दिवशी नेद्दा गेली. थिएटरात जेमतेम आठ माणसं. पडद्यावर फोस्को सज्ज्यावरून कोसळला, तेव्हा पुढच्या रांगेतले एक आजोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अंधारात नेद्दाही रडत होती, पण हसून नव्हे. त्याची आठवण येते, एवढं म्हणून भागणार नाही, हे तिला त्या खुर्चीत कळलं.

रविवारी तिनं मारेम्माकडे जाणारी ग्रोसेतोची गाडी पकडली. पुढे बसनं, आणि मग चालत. तो कुंपणाचे खांब रोवत होता. तिला पाहून हातातली कुदळ खाली ठेवली.

"डॉक्टर म्हणाले, कान गेला तो गेला," तोच आधी बोलला. "गरगरणं कमी होईल. पण ती उडी... वाचलो नसतो म्हणाले."

"अजून रागावलायस?"

"पाच महिने रागावून पाहिलं. जमेना." त्यानं हात विजारीला पुसले. "मी पडलो की सगळे हसायचे, नेद्दा. माझ्यासाठी घाबरलेली तू पहिलीच. मला ते सोसलं नाही... सवय नव्हती."

"मी पुन्हा तसंच करीन, फोस्को. दर वेळी."

"ठाऊक आहे. म्हणूनच सांगतोय." त्यानं कुंपणाकडे पाहिलं. "मला तू हवी आहेस. पण आता माझ्याकडे पडण्याचंही काम नाही. फक्त हे खांब आहेत..."

नेद्दानं खाली पडलेला एक खांब उचलला आणि खड्ड्यात उभा धरला. "मग धरते. तू माती लोट."

सप्टेंबरात तिथल्याच लहानशा चर्चमध्ये त्यांचं लग्न झालं. पायऱ्या उतरताना फोस्कोनं तिचा हात घट्ट धरला होता. आणि तो धरावा लागतो, हे त्यानं कोणापासूनही लपवलं नाही.