सातव्या ओळीतली चावी

मी आरशासमोर केस विंचरत होते आणि एक परका तरुण कुलूप उघडून आमच्या घरात आला.

तोडून नव्हे, उघडून. चावी फिरल्याचा आवाज मी ऐकला होता, पण वाटलं, बाबा डबा विसरले असतील. त्याने दारातच बूट काढले, डोक्यावरची माकडटोपी भिंतीवरच्या खुंटीला अडकवायला गेला, तिथे खुंटी नव्हती म्हणून टोपी खाली पडली, आणि डोळे चोळत तो म्हणाला, “आई, आलो गं.”

मी हातातला कंगवा त्याच्यावर रोखला. कंगव्याने मी त्याचं काय करणार होते, ते मला आजही माहीत नाही.

“तुम्ही... आमच्या घरात?” उलट त्यानेच विचारलं.

“आमच्या म्हणजे कोणाच्या?”

त्याने भिंतीकडे पाहिलं. त्याच्या घरी त्या जागी सप्तशृंगीचं कॅलेंडर होतं, हे मला नंतर कळलं. आमच्याकडे बुद्धाची तसबीर आणि शेजारी बाबासाहेबांचा फोटो. तो कानापर्यंत लाल झाला.

“ही सातवी ओळ ना?”

“आठवी.”

“मग... माझ्या चावीनं उघडलं कसं?”

ते मलाही कळत नव्हतं. त्याचं तोंड इतकं कोरडं पडलं होतं की मीच पाणी पुढे केलं. एका दमात पेला रिकामा करून त्याने तो मोरीत विसळला, पालथा ठेवला आणि टोपी इथेच विसरून पळाला.

ही गोष्ट एक्क्याऐंशीच्या डिसेंबरातली. अंबडच्या कारखान्यांमुळे तिकडच्या माळावर नवी वसाहत उभी राहिली होती. सगळी घरं एकसारखी, पिवळी, एका मापाची. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या जुन्या खोलीला कडी-कोयंडा होता; इथे दारातच बसवलेलं लॅच, बाहेरून ओढलं की बंद. पहिल्या महिन्यात निम्मी वसाहत चावी आत ठेवून बाहेर अडकली. आणि जो तो सांगायचा, नव्या घरात गेलात ना, आधी लॅच बदला. ठेकेदाराकडे किती चाव्या असतील कोण जाणे. बाबा म्हणायचे, बघू पुढच्या रविवारी. बाबांचे रविवार फार लांबचे असायचे.

दुसऱ्या दिवशी टोपी द्यायला मी सातव्या ओळीत, आमच्याच नंबरच्या घरी गेले. त्याचं नाव वाल्मीक. दिंडोरीकडचा, कारखान्यात लेथवर कामाला. आदल्या दिवशी रात्रपाळी आणि वर चार तास जादा काम करून झोपेतच चालत आला होता बिचारा. मी गंमत म्हणून माझी चावी त्याच्या दाराला लावली. फिरली.

ठेकेदाराने स्वस्तातली कुलपं पोत्याने आणली असणार, आणि एका जातीची दोन नेमकी आमच्या नशिबी आली.

“आता एकाला तरी लॅच बदलावं लागंल,” तो म्हणाला.

“कोणी?”

“ज्याला भीती वाटती त्यानं.”

“मला नाही वाटत.”

“मग मलाबी नाय,” तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा एक दात थोडा पुढे यायचा. त्या दाताने माझा घात केला, असं मी मैत्रिणीला पुढे सांगायचे.

घरी मी यातलं काही बोलले नाही. सांगितलं असतं तर बाबांचा तो रविवार लगेच उजाडला असता.

वाल्मीकची आई, नवसाबाई, दीड वर्षापासून खाटेवर होती. उजवं अंग लुळं. ज्या आठवड्यात वाल्मीकची पहिली पाळी असायची, त्या आठवड्यात सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत ती एकटीच. उशाशी पाण्याचा तांब्या आणि भिंतीपलीकडच्या लताबाईंचा रेडिओ, एवढीच सोबत. माझं कॉलेज अकराला सुटायचं. एक दिवस मी आपणहून गेले, दार उघडलं, म्हटलं, मावशी, काही हवंय का?

तिने आधी विचारलं, कोणाची गं तू. मी आडनावासकट सगळं सांगितलं. आमच्या घरात जात लपवायची पद्धत नाही. ती क्षणभर छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, पाणी दे.

पुढे पाण्याची भाकरी झाली, भाकरीची वेणीफणी. मी तिला गोळ्या द्यायचे, पाय चोळायचे, ती मला दिंडोरीच्या गोष्टी सांगायची. धाकटी लेक फुला तिकडेच, पुंजाराममामाकडे वाढत होती. तिच्या गोष्टीत मामा फार, आणि मामाचा द्राक्षाचा मळा त्याहून फार.

वाल्मीक तीनला यायचा. मी सव्वातीनला निघायचे. ती पंधरा मिनिटं आम्ही जपून वापरायचो. तो उंबऱ्यावर बसायचा, मी दाराला टेकून. हाताला तेलाचा आणि लोखंडाचा वास. मी म्हणायचे, साबण लावत जा. तो म्हणायचा, लावला तर तू बोलशील कशावरून? कधी मी घरी यावं तर टेबलावर कागदात गुंडाळलेले दोन पेरू. दार बंद, आई-बाबा कामावर, आत कोणी नाही, आणि पेरू. माझ्या अख्ख्या आयुष्यात मला तेवढं सुरक्षित कधी वाटलं नाही, जेवढं त्या चोरीच्या चावीने वाटायचं.

फेब्रुवारीत त्याने मळ्यातली पहिली द्राक्षं आणली. मावशीचा डोळा लागला होता. उंबऱ्यावर बसून तो एकेक मणी मला देत होता, स्वतः एकही खात नव्हता.

“एक विचारू?... तुमच्या घरचं लॅच बदलणार तर नाय ना?”

“बाबा म्हणतात कधीकधी. का?”

“नको बदलू देऊ.” मग घडातला पुढचा मणी तोडत तो म्हणाला, “मला तू लय आवडती, रत्ना. रोज कामावरनं यायचं ते तुझ्यासाठी यायचं, असं झालंय.”

त्याच्या तळहातावरचा एक मणी उचलला आणि त्याच्याच तोंडात घातला. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.

मावशी जागी होती, हे आम्हाला दोघांनाही कळलं नाही.

त्याच्या पुढच्या पहिल्या पाळीच्या सोमवारी मी पिठलं-भाकरी घेऊन गेले. चावी आत जाईना. वाटलं, उलटी धरली असेल. मग पाहिलं तर लॅच नवं होतं, पिवळंधमक. भोवतीच्या लाकडाचा ताजा भुसा उंबऱ्यावर पडला होता.

“मावशी, चावी लागत नाही.”

आत खाट करकरली.

“लागायची नाय, रत्ने. मीच बदलाय लावलं. काल मामा येऊन बसवून गेला.”

मी डबा धरून उभी राहिले. ती थांबून थांबून बोलत होती.

“तुझ्या हातचं खाल्लं ते काय खोटं नव्हतं, बाई. पण फुलाचं लगीन जमतंय. घरात दुसऱ्या जातीची सून येणार म्हणलं तर उद्या सोयरे उठून जातील. माझ्या एकटीच्या हातात असतं तर...”

तिचं वाक्य पुरं झालं नाही. मला राग यायला हवा होता. आलाही, पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच.

“गोळी घेतलीत का?”

“नाय गं. तांब्या लांब राहिला आज.”

आमच्यामध्ये ते नवं लॅच होतं. ती आत तहानलेली, मी बाहेर, तिला रोज पाणी द्यायची सवय झालेली. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. ती आतून म्हणत होती, जा घरी, ऊन लागंल. मी गेले नाही. तीनपर्यंत त्या उंबऱ्यावर बसून राहिले.

वाल्मीक आला, मला ओलांडून आत गेला, आईला पाणी पाजलं, आणि बाहेर येऊन माझ्यापुढे हात उघडला. हातात नवी चावी.

“मामानं बसवलं,” तो म्हणाला. “मी... बघत उभा होतो.”

“ही आईंना विचारून देतोस?”

त्याने आत खाटेकडे पाहिलं.

“फुलाचं लग्न झाल्यावर सांगशील त्यांना?”

“फुलाचं झालं की चुलत बहिणीचं हाय, रत्ना,” तो इतक्या हळू म्हणाला, की जणू त्याला ते माझ्यापासून नव्हे, स्वतःपासून लपवायचं होतं.

मी त्याची मूठ मिटवली. त्याच्या हाताला त्या दिवशी साबणाचा वास येत होता.

त्यानंतर मी सातव्या ओळीतून जाणं सोडलं. लताबाईंनी चार दिवस नवसाबाईंकडे पाहिलं, मग त्यांना त्यांचंच घर आवरेना. आजारी बाईला दुपारचं कोण बघणार, हा प्रश्न होताच. माझ्यामुळे तो दोन महिने सुटला होता एवढंच. शेवटी मामा तिला दिंडोरीला न्यायचं म्हणाला, आणि आईमागे लेकालाही मळ्यावर बोलावलं. नोकरी सोडली, हेही मला लताबाईंकडूनच कळलं.

मी मात्र वाट बघत होते, हे कबूल करते. त्यांचं लॅच बदललं होतं, आमचं नव्हतं. त्याची जुनी चावी आमच्या दाराला अजून लागत होती. बाबा लॅचचा विषय काढायचे आणि मी तो दुसरीकडे न्यायचे. कॉलेजहून येताना वाटायचं, दार उघडेन आणि खुंटी नसलेल्या भिंतीशी तो टोपी घेऊन उभा असेल, म्हणेल, रत्ना, चल, काय व्हायचं ते होऊ दे. मी गेले असते. चपला घालायलाही थांबले नसते.

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी मी दुपारी घरी आले. दार नेहमीसारखं बंद. उघडलं. टेबलावर वर्तमानपत्रात द्राक्षं होती, हंगामाची शेवटची, थोडी सुरकुतलेली. मोरीत एक पेला विसळून पालथा ठेवला होता. खाली पाण्याचं वर्तुळ अजून ओलं होतं.

आणि द्राक्षांशेजारी चावी.

मला कळायला थोडा वेळ लागला. त्याने दार उघडलं, पाणी प्याला, चावी आत ठेवली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. ओढलं की बंद. आता त्याला पुन्हा आत यायचं म्हटलं, तरी येता येणार नव्हतं. मी धावत सातव्या ओळीत गेले. ते पिवळं लॅच तसंच लखलखत होतं, खिडकीला पडदा नव्हता, आणि आतल्या भिंतीवर कॅलेंडरच्या जागी नुसता खिळा होता.

द्राक्षं आईने संध्याकाळी धुतली. कोणी दिली विचारलं तेव्हा मी सांगितलं, दारावर आली होती. मी एकही मणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी, अखेर, बाबांचा तो रविवार उजाडला. द्वारकेहून ते नवंकोरं लॅच घेऊन आले, शेजाऱ्याकडून पेचकस आणला, स्टूल ओढून दाराशी बसले आणि मला हाक मारली. “रत्ना, जरा धर गं इकडून. सहा महिने झाले लोक सांगतायत, आज बदलूनच टाकू.”

मी दाराशी जाऊन उभी राहिले. जुनं लॅच कोपऱ्यांत काळं पडलं होतं.

“राहू द्या, बाबा,” मी म्हटलं. “आता कोणी येणार नाही.”

बाबा हसले आणि पेचकस खाली ठेवला. त्यांना वाटलं, मी चोरांबद्दल बोलतेय.