वाट पाहणाऱ्या खिडक्या

आपला चिंचोका घरीच राहिला, हे हेमांगी रोडगेच्या लक्षात आलं तेव्हा ती औशाच्या वाचनालयात पडद्यासमोर बसून पिशवी पुन्हा पुन्हा उपसत होती. रुमाल, डोकेदुखीच्या गोळ्या, चष्म्याचं घर, शेंगदाण्यांची पुडी, सगळं निघालं. चिंचोका काही निघेना. सकाळी चहा करताना तो ओट्यावर ठेवला होता आणि अजून तिथेच आरामात पडला असणार. स्वतःच्या वेंधळेपणाला तिनं मनातल्या मनात चार शब्द सुनावले.

चिंचोका हे लोकांनी ठेवलेलं नाव. कंपनीनं दिलेलं नाव भारदस्त होतं, पण चिंचेच्या बीएवढी तपकिरी, गुळगुळीत वस्तू हातात आल्यावर ते कोणाच्या तोंडी बसणार? त्या एवढ्याशा वस्तूत माणसाचा अख्खा ब्राउझर मावायचा: उघडी पानं, अर्धवट पत्रं, परवलीचे शब्द, सगळं. बसस्थानकात, वाचनालयात, पंचायतीत, जिथे सार्वजनिक पडदा असेल तिथल्या खोबणीत चिंचोका ठेवायचा, की आपली खिडकी उघडायची, काल जिथे सोडली तिथून. संगणक परका, खिडकी आपली. निघताना तोंडानं निरोप घ्यायचा आणि चिंचोका उचलायचा. मागे त्या संगणकावर काहीएक उरत नाही, असं जाहिरातीत ठासून सांगितलं होतं.

हेमांगीनं त्याच भरवशावर तो घेतला होता. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांना सुरक्षित जागी पोचवणाऱ्या एका लहानशा संस्थेत ती काम करी. कोण कुठे आहे, कोणाला कधी हलवायचं, हे एका जागच्या संगणकावर ठेवणं धोक्याचं. म्हणून ती आज या गावच्या, उद्या त्या गावच्या पडद्यावर बसायची आणि काम आटोपलं की मोकळ्या मनानं निघायची.

चडफडत उठताना तिचा तळवा पडद्याच्या कडेला लागला आणि पडदा उजळला. त्यावर तिचीच खिडकी होती.

ती पुन्हा खाली बसली. खोबण रिकामी होती. समोर मात्र वकीलबाईंना लिहायला घेतलेलं तिचं पत्र होतं, तिनं ज्या वाक्यावर सोडलं होतं त्याच वाक्यावर थांबलेलं. मधल्या दिवसांत या पडद्यावर किती जण बसून गेले असतील. पण जो तो आपला चिंचोका ठेवतो, त्याची खिडकी वर उघडते, आणि खाली दुसऱ्या कोणाची पडून आहे हे त्याला कळतही नाही. रिकाम्या पडद्याला हात लावणार कोण?

तेवढ्यात पत्र हललं.

हेमांगीचे दोन्ही हात मांडीवर होते. पत्र आपोआप वर सरकलं, थांबलं, पुन्हा थोडं सरकलं. वाचणारा माणूस सरकवतो तसंच. दुसरीकडे कुठेतरी बसून कोणीतरी तिचं पत्र वाचत होतं.

या खिडकीत तीन पानं उघडी होती. पहिलं हे पत्र, दुसरं कोर्टाचा कागद. तिसऱ्या पानावर आजची व्यवस्था होती: कालिंदी आणि तिची लेक दुपारी कोणत्या बसनं निघणार आणि कोणत्या फाट्यावर उतरणार. कालिंदीचा नवरा गजेंद्र दोन महिने तिला शोधत होता. सापडली तर जिवंत ठेवणार नाही, असं तो तिच्या भावाच्या दारात उभा राहून सांगून गेला होता. आणि गजेंद्रचं काम होतं सार्वजनिक पडदे पुसायचं आणि दुरुस्त करायचं. रिकाम्या पडद्याला हात लावणारा माणूस तो होता.

तिनं तिसरं पान बंद करायचा प्रयत्न केला. बोट दाबलं, पुन्हा दाबलं. पान जागचं हलेना. तिनं साधा फोन काढला आणि कंपनीच्या मदत-क्रमांकावर दबक्या आवाजात सगळं सांगितलं.

पलीकडची मुलगी शांत होती. "मॅडम, चिंचोका नसताना खिडकीची नुसती सावली उघडते. सावलीत वाचता येतं, बदलता येत नाही. सगळ्या सावल्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीकडे पान सरकलं की सगळीकडे सरकतं."

"पण सावली राहिलीच कशी? मी दर वेळी निरोप घेऊन उठते."

"निरोप घेताना काय म्हणता?"

"काय म्हणणार? येते म्हणते."

"मॅडम, 'येते' म्हणजे तुम्ही परत येणार. मग खिडकी तुमची वाट बघते. चहाला वगैरे उठलात तर सोपं पडावं म्हणून ती सोय आहे. कायमचं बंद करायला 'जाते' म्हणायचं असतं."

"'जाते' असं कोण म्हणतं?" हेमांगीचा आवाज चढला. टेबलामागचे ग्रंथपाल चष्म्यावरून बघू लागले.

"माहितीपत्रकात आहे, मॅडम." मुलगी जरा ओशाळली. "कोपऱ्यातल्या घड्याळावर बोट ठेवा. वाट पाहणाऱ्या खिडक्या दिसतील."

हेमांगीनं बोट ठेवलं. औशाचं वाचनालय, निलंगा पंचायत, उदगीरचं वाचनालय, अहमदपूर, संस्थेचं विश्रामघर, लातूरचं बसस्थानक. जिथे जिथे ती बसली होती, जिथे जिथे तिनं भल्या घरच्या बाईसारखं 'येते' म्हटलं होतं, तिथे तिथे तिची खिडकी ताटकळत होती. दोन नावांपुढे हिरवा ठिपका होता. एक औसा. दुसरं लातूर बसस्थानक. या दोन पडद्यांवर खिडकी आत्ता उघडी होती.

पडद्यावर पहिलं पान मागे सरलं आणि कोर्टाचा कागद पुढे आला. वाचणारा घाईत नव्हता. कालिंदीचं नाव आलं तिथे तो बराच वेळ थांबला.

"आत्ता बंद करायचं असेल तर?"

"तिथूनच 'जाते' म्हणा. निरोपाला चिंचोका लागत नाही, आवाज पुरतो. सगळ्या सावल्या एकदम मिटतील."

एक शब्द म्हणायचा होता. पण तो शब्द हेमांगीच्या घरात कोणी उच्चारत नसे. तिची थोरली बहीण ऑपरेशनला निघताना उंबऱ्यात हसत हसत "जाते गं" म्हणाली होती. आईनं तिला तिथेच थांबवून "येते म्हण" असं दटावलं होतं. बहिणीनं ऐकलं नाही, आणि ती आली नाही. हा निव्वळ योगायोग आहे, हे हेमांगीला समजत होतं. तरी तो शब्द तिला नको होता, आणि त्याची भीती वाटते याची आत्ता या घडीला लाजही वाटत होती.

"जाते," ती पुटपुटली.

'आवाज जुळला नाही,' पडद्यावर अक्षरं उमटली.

कोर्टाचा कागद सरकत सरकत तळाला पोचला.

"जाते." या वेळी शब्द घशातून फाटून आला. 'आवाज जुळला नाही.'

"मॅडम, घाबरून नका म्हणू," फोनमधली मुलगी म्हणाली. तिचाही आवाज आता शांत राहिला नव्हता. "खिडकीला तुमचा निरोपाचाच आवाज ठाऊक आहे. रोज निघता तशाच म्हणा."

रोज ती कशी निघते? हेमांगी उठली. पिशवी खांद्याला लावली, खुर्ची आत सरकवली, पदर सारखा केला. तिसऱ्या पानाचा मथळा पडद्याच्या कडेनं आत येत होता. ओळखीच्या घरातून निघताना पाहावं तसं तिनं पडद्याकडे पाहिलं.

"बरं, जाते हं."

पडदा काळा झाला. त्यावर पांढरी, ठळक अक्षरं आली: 'हेमांगी रोडगे गेल्या.' मग तीही विझली.

ती बाहेरच्या पायरीवर आली. कालिंदी थांबली होती त्या विश्रामघराचा क्रमांक लावणार, तोच तिथूनच फोन आला.

"ताई?" कालिंदी रडत होती. "ताई, तुम्हीच बोलायलाव ना? इथल्या पडद्यावर लिहून आलं, तुम्ही गेल्या म्हणून."

"आहे गं. धडधाकट आहे." हेमांगीला हसू आणि रडू एकदमच आलं. कंपनीतल्या कोणा शहाण्यानं मराठीत 'गेल्या' म्हणजे काय, याचा विचारच केला नव्हता. "आता नीट ऐक. बसनं जायचं नाही. फाट्यावर उतरायचं नाही. संस्थेची जीप पाठवते, तिच्यात बस आणि ड्रायव्हर नेईल तिथे जा. लेकीला घे, सामान राहिलं तरी चालेल."

"त्यांना कळलं का?"

तिसरं पान त्यानं किती पाहिलं, मथळा वाचला की फाट्याचं नावही वाचलं, हे हेमांगीला आता कधीच कळणार नव्हतं. "माहीत नाही," ती म्हणाली, आणि झालेलं सगळं तिनं सांगून टाकलं: 'येते'चं, सावल्यांचं, गावोगाव तिची वाट बघत बसलेल्या खिडक्यांचं. कालिंदीपासून लपवावं असं त्यात काही नव्हतं.

मागे कालिंदीची लेक काहीतरी गुणगुणत होती.

"ताई, एक विचारू का? त्या दिवशी घर सोडताना ते जेवायला बसले होते. त्यांना संशय येऊ नये म्हणून मी पिशवी घेतली, दारात चपला घातल्या, आणि रोजच्यासारखं म्हणले, येते हो. ते म्हणले, ये." तिचा आवाज खाली गेला. "तवापासून ते वाटच बघायलेत, नाही का? मला परत त्यांच्यासमोर उभं राहून एकदा 'जाते' म्हणावं लागंल का, ताई?"