आप्पांची तीन वाजताची फाइल

कुणाचा विश्वास बसो न बसो, हे घडलेलं आहे. भक्ती ते फार थोड्यांना सांगते. सांगताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते.

गाव तोंडवळी, मालवणच्या किनाऱ्यावरचं. मागच्याच वर्षीचा फेब्रुवारी. रात्रबित्र काही नव्हती. सगळं भर दुपारी झालं.

तो रविवार अगदी साधा होता.

भक्ती कणकवलीला कॉलेजात ग्रंथपाल. महिन्यातून एकदा वडिलांकडे यायची. आप्पा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे. त्यांना एकच नाद. म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या, किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांच्या हाका, चर्चमधली जुनी गाणी रेकॉर्ड करायची आणि आपल्या लिनक्सच्या जुन्या मशीनवर एमपीथ्री करून जपायची.

त्या फाइली करणारा एनकोडर ते आयता घेत नसत. त्याचा सोर्स कोड उतरवून तो स्वतः मशीनवर बांधत. सिस्टिम अपडेट झाली की तो रुसायचा. मग डागडुजी. रोज दुपारी तीनला मशीन आपणहून कामाला लागे आणि जमलेल्या रेकॉर्डिंगची फाइल करून ठेवी.

डागडुजीला मदतनीस एकच. शेजारच्या वाडीतली रोशेल, दोन वर्षांपासून येणारी.

त्या रविवारी भक्ती स्वयंपाकघरात पेडवे माशांचं तिखलं करत होती. बाहेर दोघं हसत होती.

"काकानू, परत मेलो अडकलो बघा!"

"अडकांदे. तू आसस मगे माका कसली काळजी?"

भक्तीने कढई आपटली.

"हळू गो भक्ती, माइक चालू आसा." आप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले. "तू पण बोल मगे काय तरी. तुझो आवाज माझ्याकडे नायच."

"माझो कित्याक? रोशेलीचो घेतलात ना पोटभर? माझो आवाज त्यात नको. इलो असलो तर काढून टाका."

आप्पा हसले नाहीत. "बरा," म्हणाले.

भक्ती चारच्या एसटीने गेली. येते, असंही म्हणाली नाही.

सोमवारी आप्पा जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. रोशेल दारात आली.

"भक्तीताय, मशीनचा अपडेट ऱ्हवला आसा. करू?"

"नको. ता मशीन माझ्या बापाशीचा आसा."

रोशेलचे डोळे सुजले होते. भक्तीला तेही खपलं नाही. हिने का म्हणून इतकं रडावं?

ती गेल्यावर भक्तीने आप्पांची वही काढली. एनकोडर कसा बसवायचा, कसा काढायचा, सगळं लिहिलेलं. अर्धं अक्षर आप्पांचं, अर्धं रोशेलचं. पासवर्डसुद्धा रोशेलच्या अक्षरात.

भक्तीने एकेक ओळ टाइप करून एनकोडर काढून टाकला. माइकची वायर उपटली.

दुसरा दिवस. दुपारी तीन...

मशीनचा पंखा घरघरला.

फोल्डरात नवी फाइल होती. आजच्या तारखेची. अकरा मिनिटांची.

तिने एनकोडरचं नाव टाइप करून पाहिलं. 'कमांड नॉट फाउंड.' म्हणजे एनकोडर मशीनवर नव्हताच.

मग ही फाइल केली कुणी?

तिने हेडफोन लावला. समुद्राची गाज. माडावरचा कावळा. मग मासेवाली सुभद्रा. आज सकाळचीच.

"भक्ती, बांगडे होये?"

भक्तीने तेव्हा उत्तर दिलं होतं. 'आज नको, वयनी.' चांगलं मोठ्याने.

फाइलीत तिथे काहीच नव्हतं...

नुसती गाज. आणि मग पुन्हा सुभद्रा: "बरा, उद्या बघूया."

तिसऱ्या दिवशी भक्तीने मुद्दाम पुस्तक घेतलं आणि दहा मिनिटं वाचत बसली. खणखणीत आवाजात.

तीन वाजता फाइल आली. पानं उलटल्याचा आवाज होता. खुर्ची करकरल्याचा होता.

तिचा नव्हता.

चौथ्या दिवशी तिने मान खाली घालून रोशेलला बोलावलं. दोघी तीनपर्यंत बोलत बसल्या. मग फाइल आली. त्यात रोशेल एकटीच बोलत होती. थांबत होती. कुणाला तरी उत्तर देत होती.

आणि तिचा आवाज इतका स्वच्छ होता, की भक्तीने हेडफोन काढून टेबलावर टाकला. मेल्यावरही आप्पा हिचाच आवाज घेत होते.

रोशेल पांढरी पडली होती.

"ताय, त्या रविवारी तू गेल्यार काकांनी तुझो बोललेलो तुकडो वेगळो काढल्यानी. नको त्या आवाजाचो नमुनो म्हणान. तसो नमुनो दिलो की मशीन तो आवाज सगळीकडसून पुसता. मी म्हटलंय, ह्या काय करतास? तर म्हणाले, भक्ती सांगान गेली आसा."

"पण सगळा काढून टाकलंय मी!"

"होय. काय एक नाय आसा. नमुनो पण नाय. मी शोधलंय."

मग रोशेल हळूच म्हणाली, "पुसूच्या आदी चार वेळा लावन ऐकल्यानी. तुझो तेवडोच होतो त्यांच्याकडे."

भक्ती त्या रात्री झोपली नाही.

पाचव्या दिवशीची फाइल तिने आजतागायत उघडलेली नाही. त्यात काय आहे आणि काय नाही, कुणालाच ठाऊक नाही. मशीन बंद करायचा धीर तिला होत नाही.

पण ती त्या दुपारी काय बोलली, ते रोशेलने ऐकलं. रोशेल दारातच उभी होती.

तीनला दोन मिनिटं कमी होती. भक्ती आप्पांच्या खुर्चीसमोर, जमिनीवर बसली. माइक सुटलेलाच होता...

"आप्पानू," ती मोठ्याने म्हणाली, "ह्या चेडवाचो, रोशेलीचो, माका हेवो वाटता. तुमी गेलात तरी वाटता. तुमच्या बाजूक बसान माका पण ह्या सगळा शिकूचा होता. तुमी हाक मारशात म्हणान दोन वर्सा मी चुलीकडे उभी ऱ्हवलंय. आपणहून कदी म्हटलंय नाय. आता म्हणतंय. माका शिकवा."