रिकाम्या खिळ्यावरचा कोट

(ठरलं होतं: सकाळी जुना पूल. कठड्यांवरचे दगडी संत सावकाश बघायचे.)

"अहो, पितळी पाटीवाल्या बाई! वर या! मला चोर ठरवताहेत!"

जर्मनीतल्या वुर्झबुर्गच्या त्या अरुंद गल्लीत, स्वतःच्या दारावरच्या पितळी पाटीखाली, खासगी तपासनीस कोर्डुला राऊ थबकली. समोरच्या खानावळीच्या खिडकीतून एक तरुणी ओरडत होती.

"ताई, बेकरीतले पाव संपतील," धाकटा भाऊ फोल्कमार कुरकुरला.

"संपू देत."

वर भांडण पेटलं होतं. तरुणीचं नाव गेझिने. एकटीच फिरायला आलेली. सकाळच्या गाडीनं उतरली आणि वरची खोली तयार होईपर्यंत खानावळीच्या आतल्या, तळमजल्यावरच्या बोळात बसली. बोळालगतच्या सभागृहातून नावाडी मंडळाचा चांदीचा पेला नाहीसा झाला होता.

"ना नवरा, ना मैत्रीण! एकटी बाई येते कशाला?" मालकीण इर्महिल्डबाई कडाडल्या.

"नदी बघायला! त्यालाही नवरा लागतो?" गेझिने उसळली. "सोमवारी मी कोर्टात नोकरीवर रुजू होणार. चोरीची तक्रार झाली तर मला दारात तरी उभं करतील का? न विचारता माझी पिशवी उपसलीत. मिळालं काही?"

फोल्कमारनं कुडकुडत खिडकी लावली. इर्महिल्डबाईंनी ती परत सताड उघडली.

"माझ्या घरात कोंदट हवा चालत नाही. बर्फ पडो नाहीतर गारा. आधी खिडक्या, मग कॉफी!"

(गेझिनेचं ठरलं होतं: दुपारी द्राक्षमळ्यांतून किल्ल्यावर.)

"पेला शेवटचा कधी पाहिलात?" कोर्डुलानं विचारलं.

"आज सकाळीच. कॉफीआधी सभागृहात गेले होते. होता जागेवर. मग कुलूप लावून किल्ली बोळातल्या खिळ्यावर टांगली."

"नंतर बोळात कोण होतं?"

"हीच! आली ती थेट किल्लीच्या खिळ्यावर कोट अडकवून बसली. रीत नाही की भात नाही!"

"खिळा रिकामा होता," गेझिने म्हणाली. "म्हणून अडकवला."

नावाडी मंडळाचे ओट्टोकार खाली सभागृहाच्या दारात उभे होते. काल रात्री मंडळाचं जेवण झालं होतं आणि नवा अध्यक्ष निवडला गेला होता. पेला आज त्याच्याकडे जायचा होता. मावळते अध्यक्ष हेच.

"रात्री मीच कुलूप घातलं," ते म्हणाले. "आज छत्री न्यायला आलो, खिळ्यावरची किल्ली घेतली, दार उघडलं, तर पेला नाही! बोळात ही परकी बाई. आणखी काय पुरावा हवा?"

कोर्डुला आत गेली. फोल्कमारनं नाकाला रुमाल लावला.

"शी! कालचे तळलेले मासे."

खिडक्यांच्या काचा आतून ओल्या होत्या.

(ठरलं होतं: उन्हं उतरताना किल्ल्यावरून नदी.)

कोर्डुलानं सगळ्यांना त्याच वासात बसवलं.

"सकाळी इथे आलात आणि एकही खिडकी न उघडता गेलात? तुम्ही, इर्महिल्डबाई?"

बाईंचा चेहरा उतरला.

"तुम्ही आत आलाच नाहीत. कारण किल्ली नव्हती. खिळा रिकामा होता, म्हणून तर हिनं त्यावर कोट अडकवला. मग खिळ्यावर नसलेली किल्ली ओट्टोकारसाहेबांनी घेतली कुठून?"

"खिशातून!" फोल्कमार ओरडला आणि स्वतःच दचकला.

"रात्रभर तिथेच होती," कोर्डुला म्हणाली. " बाई नेहमीसारख्या पहाटे आत आल्या असत्या, तर पेला रात्रीच गेल्याचं कळलं असतं. आणि शेवटी कुलूप कुणी घातलं, हेही. ओट्टोकारसाहेब, सकाळी तुम्ही आलात, बोळात परकी बाई दिसली, तुमचं काम सोपं झालं."

ओट्टोकार खुर्चीत खचले.

"आयुष्यभर तो पेला माझ्या हातात होता. आणि काल मताला नुसते हात वर झाले आणि... घरी आहे. कपाटात."

"आणि तुम्ही?" गेझिने इर्महिल्डबाईंकडे वळली. "तुम्ही खोटं का बोललात?"

"मग काय सांगू? दिवस वर आला तरी माझं सभागृह बंद होतं म्हणून? माशांचा वास तसाच कोंडलेला? लोक काय म्हणतील?"

"म्हणजे खिडकी उघडली नाही हे सांगायची लाज. मला चोर म्हणायची नाही!"

"चुकलं," बाई पुटपुटल्या.

गेझिने उठली. तिनं सभागृहाच्या सगळ्या खिडक्या एकामागून एक उघडल्या. गार वारा आत घुसला. गल्लीतून जाणारे लोक थांबून आत बघू लागले.

"आता तेच पुन्हा बोला," ती म्हणाली. "सकाळी ओरडलात तेवढ्याच मोठ्यानं."