न बघितलेले आकडे

ऑपरेशन नऊला होतं, म्हणून ती आठलाच थिएटरमध्ये आली. लहान मूल टेबलावर येण्याआधी खोली उबदार करायची, हे तिचं काम. तिने एसी कमी केला, गरम हवेचं पांघरूण फुगवलं, सलाइन कोमट करायला ठेवलं. जरा खुट्ट झालं की दचकते, म्हणून सगळे तिला ‘चिमणी’ म्हणत.

मुलगा चार वर्षांचा, हर्नियाचा. भूल चढल्यावर तिने त्याला टोपी घातली, पायांना कापूस गुंडाळला.

“चिमणे, ऑपरेशन करायचंय की आम्हाला वाफवायचंय?” सर्जन घामाघूम झाले होते. “एसी वाढव.”

गेल्या महिन्यात हेच ऐकून तिने निमूट एसी वाढवला होता. टेबलावर अकरा दिवसांची मुलगी होती. दर पंधरा मिनिटांनी तिचं तापमान बघून लिहायचं. चिमणीने न बघताच चारही रकान्यांत साडेछत्तीस लिहिलं. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. जंतुसंसर्ग, असं सगळे म्हणाले. बाळाच्या आईने तर चिमणीचेच हात धरले होते. “तुम्ही खूप केलंत हो, सिस्टर.” तेव्हापासून तिला मान वर करून कुणाकडे बघवत नव्हतं.

“नाही सर,” ती आज म्हणाली. “पोर गार पडेल.”

तेवढ्यात मॉनिटरवरचा तापमानाचा आकडा उतरला. पस्तीस.

भूलतज्ज्ञ बाईंनी मुलाच्या कपाळाला हात लावला. “अगं, छान ऊब आहे की! वायर बिघडली असेल, बदल.”

तिने बदलली. चौतीस. पुन्हा बदलली. तेहेतीस... मुलाचे गाल गुलाबी, श्वास संथ, आणि आकडा मात्र विहिरीच्या पायऱ्या उतरावा तसा खाली खाली. तेव्हा तिला कळलं. हे या मुलाचे आकडे नव्हतेच. त्या दिवशी तिच्याकडून बघायचे राहिलेले, त्या बाळाचे होते ते.

“मी... मी खोटं लिहिलं होतं,” तिच्या तोंडून निघालं. “त्या बाळाचं तापमान. एकदाही बघितलं नव्हतं.”

सर्जनचे हात थबकले. तिची कानशिलं शरमेने जळत होती. आकडा मुकाट्याने सदतीसवर आला.

“एसी मीच वाढवायला लावला होता,” सर खालच्या आवाजात म्हणाले. “टाके झाले की... दोघं जाऊन त्या बाळाच्या आईला सांगू.”

टाके झाले. ती मुलाला गुंडाळायला लागली. सगळं अंग उबदार होतं. फक्त उजवा हात भुलीतही कोपरात दुमडलेला, कुणाला तरी कुशीत घेतल्यासारखा. त्या कुशीत तिने तळवा घातला. तिथे, जेमतेम दोन वितींच्या जागेत, बर्फ होता.

हात मागे घेण्याचा आपल्याला हक्क नाही, असं तिला वाटलं. ती तशीच उभी राहिली. मग ती थंडी हळूच सरकली... आणि तिच्या तळव्याला बिलगली.