अडतीस मिनिटांनंतर

चौबे कॉलनीत माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. अजूनही कधीमधी कुणी पेनड्राइव्ह घेऊन येतं आणि घरचा प्लेअर बिघडला म्हणून कुरकुरतं. प्लेअर बिचारा धड असतो, त्याला मोबाइलच्या फाइली पचत नाहीत. त्या बदलून डीव्हीडीवर चढवाव्या लागतात आणि शेवटी डिस्क बंद करावी लागते. एकदा बंद केली की तिच्यात पुढे काही भरता येत नाही.

बीरगावच्या कलावतीबाई आल्या त्या मुलीच्या, मोनालीच्या लग्नाची डीव्हीडी हवी म्हणून. सहा वर्षांपूर्वी ते लग्न मीच शूट केलं होतं. त्याच दुपारी त्यांचा मुलगा यशदीप हॉलच्या फाटकातून बाहेर पडला, तो परतलाच नाही. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो छापून आला. माझ्या फाइलीत शेवटी फाटक ओलांडताना त्याची पाठ दिसते, तिथेच मी कॅमेरा बंद केला होता. बाईंना रोज तेवढी पाठ बघायची होती. मला गलबलून आलं. अडतीस मिनिटांची डिस्क केली, दुकानातल्या प्लेअरवर तपासून दिली.

आठ दिवसांनी त्या परत आल्या. फाटकाच्या पुढचंही दिसतं, म्हणाल्या. मी मनातल्या मनात हसलो आणि डिस्क लावली.

एकेचाळीस मिनिटं. यशदीप बीरगावच्या वाटेवर, भनपुरीतल्या ट्रकांच्या रांगेजवळून चालला होता, पाठमोरा. कॅमेरा त्याच्या मागोमाग. चित्र डावीकडे किंचित झुकलेलं. तसं ते माझ्याच हातून झुकतं, बायको त्यावरून अजून चिडवते.

कॉम्प्युटरवरची फाइल मात्र अडतीस मिनिटांचीच होती. नवी डिस्क केली, दोनदा तपासली, दोन्ही वेळा फाटकाशी थांबली. तरी आठवड्याने त्या तीच घेऊन आल्या. आता यशदीप बीरगावात शिरला होता. भराभर चालत होता, वळून बघत नव्हता. कॅमेरा पहिल्यापेक्षा जवळ आला होता.

डिस्क ठेवून घ्यायची असं मी ठरवलं. त्यांनी माझा हात धरला.

"घर दोन गल्ल्यांवर आलं, भैया. आता काढून नका घेऊ."

मला नाही म्हणवलं नाही.

परवा भरदुपारी त्या रिकाम्या हातांनी आल्या. यशदीप पोचला का, असं मी विचारून बसलो.

"दारातच उभा हाय. आत येऊनच नाई राहिला." त्यांचा आवाज दुखावलेला होता. "तुमी तं कॅमेरा घेऊन आत आले, खुर्चीवर बसले. त्याले काहून बाहेर ठेवलं?"

त्यांच्या घरी मी आजवर कधी गेलेलो नाही, तसं सांगितलं.

त्या दाराकडे वळता वळता थांबल्या.

"असं काहून म्हणता, भैया? तुमाले चहा देऊनच तं निघाली मी."